हलाल नोकरीत मन लागत नाही, मग मी नाशुक्रा झालो का?

आधी पत्र, थोडं कापून देतेय. (नाशुक्रा म्हणजे देवाचे उपकार न मानणारा.)

"सलाम ताई. मी मूळचा खेड तालुक्यातला, वय ३६. राहतो शारजात आणि नोकरी दुबईत, देऱ्याला एका इस्लामिक बँकेच्या शाखेत, रिटेल फायनान्सला. आधी मुंबईत एका प्रायव्हेट बँकेत होतो, चांगलं चाललं होतं, पण व्याजाचं काम नको असं मनात होतं आणि आईचंही तेच म्हणणं, म्हणून सहा वर्षांपूर्वी इकडे आलो. पहिली दोन वर्षं मस्त गेली. आता सकाळी उठायला नको वाटतं. टार्गेट तेच, मॅनेजरची बोलणी तीच, वर रोज कोणी ना कोणी कस्टमर हसून विचारतो की हे व्याजच ना, नाव बदलून? गेल्या महिनाअखेरीला तर गाडी बँकेच्या नावावर यायच्या आधीच कस्टमरच्या सह्या घ्यायला लावल्या. प्रमोशन दोनदा हुकलं, एकदा माझ्यापेक्षा ज्युनिअर लोकल मुलाला मिळालं. घरी बोललो की म्हणतात हलाल रोजी आहे, शुक्र कर. बायको म्हणते चला परत. मी नाशुक्रा झालोय की नोकरीच खराब आहे, काहीच कळत नाहीये. सोडू का? आणि सोडली तर आईला काय सांगू?"
– शारजाहून एक खेडकर

खेडकर भाऊ, सलाम.

नाशुक्रे वगैरे काही झालेला नाही आहात तुम्ही, ते आधी डोक्यातून काढा. मी मुसलमान नाही, फिक्ह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, माझा विषय नाही, त्यामुळे हे हलाल ते हराम असला निकाल माझ्याकडून मिळणार नाही आणि तो मी देऊही नये. पण बँकांच्या एचआरमध्ये बरीच वर्षं काढलीत आणि माणसं नोकरीला का कंटाळतात यावर मी थोडंफार बोलू शकते. तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की ती सुटली तर बाकीचं बरंचसं आपोआप सुटेल, आणि ती म्हणजे तुम्ही दोन हिशोब एकाच वहीत लिहिताय. हे काम माझ्या श्रद्धेत बसतं का, हा एक हिशोब. या कामात माझे दिवस कसे जातायत, हा दुसरा. पहिल्यात जमा आहे म्हणून दुसऱ्यातली उधारी फिटत नाही हो. घरचे पहिला हिशोब दाखवून दुसऱ्याबद्दल गप्प बसा म्हणतात, आणि तुम्ही उलटं करताय, दुसऱ्यातल्या वैतागावरून पहिल्यावर शंका घेताय, की मी कमी पडलो, माझा ईमान कमी पडला.

१९५९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासासाठी फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं की नोकरीत कधी खूप छान वाटलं आणि कधी खूप वाईट वाटलं ते सांगा. गंमत अशी निघाली की दोन्हीची कारणंच वेगळी. वाईट वाटायचं ते पगार, साहेब, कंपनीची धोरणं, कामाच्या जागेची परिस्थिती यावरून. छान वाटायचं ते काहीतरी करून दाखवलं, कोणी कौतुक केलं, कामच आवडीचं होतं, जबाबदारी मिळाली, पुढे गेलो यावरून. म्हणजे साहेब चांगला मिळाला तर त्रास कमी होईल पण तेवढ्याने काम आवडायला लागेल असं नाही. त्याच्यावर नंतर टीकाही भरपूर झाली, कारण माणूस चांगलं झालं की मी केलं म्हणतो आणि वाईट झालं की साहेबाने केलं म्हणतो, हा स्वभावच आहे आपला. तरी तुमच्यासाठी हा फरक कामाचा आहे, कारण तुमच्या पत्रात त्रास देणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक आहे आणि आनंद देणाऱ्या गोष्टीच्या रकान्यात तुम्ही एकच नाव लिहिलंय, इस्लामिक. सगळा भार त्या एका शब्दावर टाकलाय तुम्ही.

आता कोणी म्हणेल की धार्मिक मूल्यं असली की समाधान वाढतं असं संशोधनच आहे. आहे ना. अब्बास अली यांनी १९८८ मध्ये इस्लामिक वर्क एथिक, म्हणजे कामाबद्दलची इस्लामी मूल्यं, मोजायची प्रश्नावली बनवली, आणि दर्विश यूसुफ यांनी २००१ मध्ये तुमच्याच यूएईतल्या मुस्लिम कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास छापला, त्यात ही मूल्यं जास्त मानणारी माणसं कामात जास्त समाधानी आणि संस्थेशी जास्त बांधलेली दिसली. मला यात काही खोटं वाटत नाही. पण हे असले अभ्यास फॉर्म भरून होतात, आणि माणूस आपलं आपण लिहितो. ज्याला लहानपणापासून शिकवलंय की रोजीबद्दल तक्रार करायची नाही, शुक्र करायचं, तो समाधानी आहात का या प्रश्नापुढे कशावर टिक करणार? तुमच्या बँकेचा वर्षाचा एम्प्लॉयी सर्व्हे येतो तेव्हा तुम्ही काय भरता ते आठवून बघा. मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही समाधानी म्हणून आकड्यांत बसलेले आहात आणि मला मात्र हे पत्र लिहिताय.

बरं, आता ढिगारा वेगळा करूया. तुमच्या तक्रारींपैकी बऱ्याच बँकेच्या आहेत, इस्लामच्या नाहीत. महिनाअखेरीचं टार्गेट, मॅनेजर सगळ्यांसमोर बोलतो, संध्याकाळी रिपोर्ट. मुंबईच्या बँकेत हेच होतं की, तेव्हा तुम्ही तिशीच्या आत होता आणि पोरं झाली नव्हती, म्हणून सोसलं गेलं. तुमच्या मनात बहुतेक असं होतं की इस्लामिक बँक म्हणजे माणसंही वेगळी वागतील. ती अपेक्षा चुकीची नव्हती हां, पण शरिया कमिटी करारनामे तपासते, मॅनेजरचा स्वभाव तपासत नाही. इस्लामिक बँकेत सुद्धा शाखा चालते ती सेल्सवर, आणि समोरच्या रस्त्यावरची साधी बँक तेच प्रॉडक्ट तीन दिवसांत देत असेल तर तुमच्या साहेबाला ते दोन दिवसांत हवं असतं.

प्रवास. हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत पण मी तिथे अडकले. शारजात भाडं कमी म्हणून तिथे राहायचं आणि रोज इत्तिहाद रोडने देऱ्याला जायचं, हे अंतराने कितीही कमी असू दे, सकाळ-संध्याकाळ तो रस्ता कसा असतो हे तिथे राहिलेल्या प्रत्येकाला माहितीये. तुम्ही शाखेत पोचता तेच थकून. आणि त्यात तो वीकेंडचा घोळ, जो तुम्ही पत्राच्या शेवटी तळटीपेसारखा टाकलाय. २०२२ पासून देशाची सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस, पण शारजाने स्वतःचं वेगळं केलं, तिथे सरकारी ऑफिसं आणि शाळा शुक्रवार, शनिवार, रविवार बंद. म्हणजे तुमची मुलं तीन दिवस घरी, आणि तुम्ही शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवारी रोटेशनला शाखेत. बायको परत चला का म्हणते याचं निम्मं उत्तर मला इथेच दिसतं. तिला बँकेशी काही घेणंदेणं नाही, तिला घरात माणूस हवाय. शाखा बदलून मागा, शारजात किंवा अजमानला असेल तर. हे प्रमोशनपेक्षा सोपं असतं आणि बरेच जण मागतच नाहीत, कारण देऱ्याच्या शाखेत कस्टमर जास्त म्हणून इन्सेंटिव्ह जास्त. त्या जास्तीच्या इन्सेंटिव्हला रस्त्यावरच्या तासांनी भागून बघा एकदा.

पगाराबद्दल तुम्ही फार काही लिहिलं नाहीये, म्हणजे ठीकच असणार. पुढे जाऊ.

प्रमोशन. इथे थोडं कडू बोलते. लोकल मुलाला मिळालं याचा राग तुमच्या अक्षरांतून दिसतोय आणि तो मला समजतो, पण त्या पोरावर काढू नका. यूएईत बँका आणि इन्शुरन्स कंपन्यांना एमिरातीकरणाची, म्हणजे तिथल्या नागरिकांना नोकरीत घेण्याची, टार्गेटं असतात, ती पाळायला लागतात, आणि तुमच्या मॅनेजरच्या डोक्यावर जसं फायनान्सचं टार्गेट तसं त्याच्या वरच्यांच्या डोक्यावर हे. आपण महाराष्ट्रातले लोक, भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत यावर आपण कित्येक वर्षं भांडतोय, तेव्हा दुसऱ्याच्या देशात तीच गोष्ट आपल्या विरुद्ध गेली तर निदान हसू तरी यायला हवं. पण हसून झाल्यावर हे मान्य करा की तुमच्या शिडीला वरच्या काही पायऱ्या नाहीत, आणि त्यात तुमच्या नालायकीचा काही संबंध नाही. ब्रँच मॅनेजर व्हायचं हे स्वप्न असेल तर ते या देशात अवघड आहे. मग अशी वाट बघावी लागेल जिथे स्पेशल ज्ञान लागतं, आणि त्याबद्दल खाली लिहितेय.

आता मूळ दुखणं. ते टार्गेटचं नाही, प्रवासाचंही नाही. तुम्ही ज्यासाठी मुंबई सोडली तेच तुम्हाला टेबलावर दिसेनासं झालंय. सह्यांचा किस्सा तुम्ही दोन ओळींत लिहिलात, पण पत्रात तिथेच तुमचं अक्षर बदललंय.

ज्यांना हे माहीत नाही त्या बाकीच्या वाचकांसाठी पटकन सांगते. साधी बँक गाडीसाठी पैसे देते आणि त्यावर व्याज लावते. इस्लामिक बँकेच्या मुराबहा नावाच्या पद्धतीत बँक स्वतः गाडी विकत घेते आणि मग ठरलेला नफा लावून, किंमत उघड सांगून, ती कस्टमरला हप्त्यांवर विकते. म्हणजे बँक मधे खरोखर मालक व्हायला लागते, थोडा वेळ का होईना, आणि त्या वेळातली जोखीम तिची. सगळा फरक त्या क्रमात आहे. आधी बँकेची खरेदी, मग कस्टमरला विक्री. क्रम उलटा झाला तर बँकेने जे स्वतःचं नव्हतंच ते विकलं, आणि मग साध्या कर्जापेक्षा त्यात वेगळं काय राहिलं? तुमच्या मॅनेजरसाठी ती कागदांची उलटापालट आहे, आज की उद्या एवढाच प्रश्न. तुमच्यासाठी ते तुमच्या या देशात येण्याचं कारणच आहे. तुमचा नोकरीवरून जीव उडाला तो त्या संध्याकाळी उडालाय असं मला वाटतं, प्रमोशनच्या पत्राने नाही.

आणि इथे तुमचं वागणं मला पटलं नाही. तुम्ही सह्या घेतल्यात आणि गप्प बसलात. अहो, तुमच्या बँकेत याच्यासाठी एक अख्खं खातं आहे! यूएईत सेंट्रल बँकेची वरची शरिया अथॉरिटी आहे, प्रत्येक इस्लामिक बँकेत स्वतःची शरिया सुपरव्हिजन कमिटी असते, तिच्या हाताखाली इंटर्नल शरिया कंट्रोल आणि वेगळं शरिया ऑडिट असतं, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तिथल्या इस्लामिक बँकांना इस्लामिक बँकिंगचे नियम ठरवणाऱ्या बहरीनच्या आयोफी संस्थेची शरिया स्टँडर्ड पाळणं बंधनकारक आहे. हे लोक ऑडिटला आले की तारखाच बघतात, खरेदीची तारीख आणि वेळ, विक्रीची तारीख आणि वेळ. क्रम चुकलेला सापडला तर त्या व्यवहारातला नफा बँकेला स्वतःकडे ठेवता येत नाही, तो दानात काढायला लागू शकतो. म्हणजे मॅनेजरला पाप कळत नसेल तरी प्रॉफिट नक्की कळेल. पुढच्या वेळी असं झालं की भांडू नका, नाटक करू नका, फक्त ई-मेलवर साधं विचारा, सर या फाइलमध्ये ओनरशिपचे कागद अजून आलेले नाहीत, सह्या आज घेऊ का आल्यावर घेऊ, कन्फर्म करा प्लीज. बहुतेक वेळा उत्तर येतच नाही आणि सह्या दुसऱ्या दिवशी होतात. उत्तर आलं की घ्या आजच, तर तो मेल शरिया कंट्रोलकडे न्या. आणि झालेल्या फाइलबद्दलही त्यांना सांगा, लपवून ठेवलेली फाइल ऑडिटला निघाली तर सही घेणारा म्हणून नाव तुमचं आहे.

कस्टमरचा तो प्रश्न, व्याजच ना नाव बदलून. तुम्हाला तो इतका लागतो कारण तुमच्या स्वतःच्या मनात तो आहे, विशेषतः पर्सनल फायनान्सच्या बाबतीत, तुम्ही लिहिलंच आहे की तवर्रुक करताना लाज वाटते. तवर्रुक म्हणजे काय, तर कस्टमरला हवी असते रोख रक्कम. बँक कुठलातरी माल घेते, बऱ्याचदा धातू, तो कस्टमरला उधारीवर नफा लावून विकते, कस्टमर बँकेलाच सांगतो की माझ्या वतीने हा विकून टाका, आणि त्याच्या खात्यात रोकड येते, सगळं मोबाईलवर काही मिनिटांत, आणि त्याने तो धातू जन्मात पाहिलेला नसतो. तर भाऊ, यावर शंका येणारे तुम्ही पहिले नाही. ओआयसी या मुस्लिम देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने २००९ मध्ये ठराव केला की असा ठरवून केलेला, सगळं बँकच जुळवून देते असा तवर्रुक जायज नाही, आणि ती बैठक कुठे झाली होती माहितीये का, शारजात, तुम्ही राहता त्याच शहरात. ओमानने २०१२ मध्ये इस्लामिक बँकिंग सुरू करताना नियमावलीतच तवर्रुकला मनाई केली. दुसरीकडे आयोफीच्या स्टँडर्डमध्ये अटी घालून त्याला परवानगी आहे आणि तुमची बँक त्या आधारावर चालते. म्हणजे मोठमोठ्या आलिम लोकांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, जिथे मतभेद आहेत तिथे देऱ्याच्या काउंटरवर उभं राहून तुमचं मन डळमळलं तर त्यात ईमान कमी पडण्यासारखं काय आहे? तुमच्या बँकेच्या शरिया खात्यात जा, वेळ मागा, एक कर्मचारी म्हणून विचारा की या अटी आपल्याकडे कशा पाळल्या जातात. ट्रेनिंगमध्ये जे स्लाइडवर दाखवतात ते वेगळं आणि माणसाशी बोलणं वेगळं. तरी मन मानलं नाही तर तुमच्या भरवशाच्या आलिमांना विचारा, बँकेबाहेरच्या. माझं काम इथे संपतं.

पण एक मात्र मी एचआरवाली म्हणून सांगते. ही निराशा या क्षेत्राच्या पोटातच आहे. सुरुवातीची स्वप्नं मोठी होती. १९६३ मध्ये इजिप्तमध्ये मित ग़म्र गावात अहमद अल-नज्जार यांनी शेतकऱ्यांसाठी बिनव्याजी बचत बँक काढली, १९७५ मध्ये तुमच्या दुबईत कमर्शियल इस्लामिक बँक उभी राहिली, आणि कल्पना ही होती की बँक आणि माणूस नफा-तोटा वाटून घेतील, ज्याला मुदारबा, मुशारका म्हणतात. प्रत्यक्षात धंदा वाढला तो जास्त करून ठरलेल्या नफ्याच्या विक्रीवर, आणि रेट ठरवताना समोर ईबोर, म्हणजे यूएईतल्या बँका एकमेकींना ज्या व्याजदराने पैसे देतात तो दर, तोच ठेवतात, साध्या बँकेसारखा. जो माणूस फक्त पगारासाठी तिथे येतो त्याला याने काही फरक पडत नाही. जो तुमच्यासारखा ध्येयाने येतो तोच दुखावतो. म्हणून एकाच शाखेत, एकाच पगारात, शेजारच्या टेबलावरचा माणूस मजेत असतो आणि तुम्ही रात्री जागता. तुम्ही त्याच्यापेक्षा कमी शुक्रगुजार नाही आहात, तुमची मागणी जास्त आहे एवढंच.

आणि जे चांगलं आहे तेही लिहून ठेवा, कारण वैतागात ते दिसत नाही. नमाजला जायला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. रमजानमध्ये रोजचे दोन तास कमी, तो तर कायदाच आहे. हप्ता चुकवणाऱ्या गरीब कस्टमरच्या दंडातून बँक कमवत नाही, ती रक्कम दानात जाते. मुंबईतल्या नोकरीत दंडाच्या वसुलीचे फोन करताना तुम्हाला कसं वाटायचं ते तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय.

सोडू का? माझं मत, आत्ता नाही. टेबल सोडा. रिटेल सेल्समधून बाहेर पडायचा अर्ज करा आणि शरिया कंट्रोल, शरिया ऑडिट नाहीतर ऑपरेशन्समध्ये जायचं बघा, जिथे तो क्रम तपासणं हेच काम असतं. तुम्हाला शाखेतली पळवाट कुठे असते ते आतून माहितीये, हे नुसतं पुस्तक शिकून आलेल्या मुलाकडे नसतं. त्यासाठी आयोफीचा सीएसएए नावाचा कोर्स आहे, सर्टिफाइड शरिया अ‍ॅडव्हायजर अँड ऑडिटर, अकाउंट्सकडे कल असेल तर त्यांचाच सीआयपीए. अभ्यास जड आहे, नोकरी करून करायचा म्हणजे वर्षभर तरी दम लागेल, आणि कोर्स केला की खुर्ची मिळेलच अशी काही गॅरंटी नाही, सुरुवातीला इन्सेंटिव्ह जाईल म्हणून हातात पैसे कमीच येतील. बँक फी देते का ते आधी विचारा, काही देतात. पण मघाशी म्हटलं ना स्पेशल ज्ञानाची वाट, ती ही. यात कौतुक, जबाबदारी, कामाचा अर्थ, हर्झबर्गच्या दुसऱ्या रकान्यातलं सगळं मिळायची शक्यता तरी आहे. शाखेत राहून ती नाहीये.

परत यायचं म्हणत असाल तर डोळे उघडे ठेवून या. भारतात इस्लामिक बँक नाही, आणि लवकर दिसतही नाही. १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टप्रमाणे बँकेला मालाची खरेदी-विक्री करता येत नाही, म्हणजे मुराबहा मुळातच बसत नाही. रघुराम राजन यांच्या कमिटीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न्यायचा नाही असं सांगितलं. म्हणजे मुंबईत आलात तर एकतर परत व्याजाच्या बँकेत, नाहीतर क्षेत्र बदलून, कुठल्यातरी कंपनीच्या अकाउंट्सला, पेमेंट कंपनीच्या ऑपरेशन्सला, किंवा खेडला स्वतःचं काही. शेवटचा पर्याय वाईट नाही पण भांडवल किती आहे?

त्यासाठी ग्रॅच्युइटी मोजा. पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार, त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचा, आणि हा हिशोब बेसिकवर, भत्ते धरून नाही. समजा बेसिक ७,००० दिरहम आहे आणि सहा वर्षं पुरी झाली, तर पहिल्या पाचांचे २४,५०० आणि सहाव्याचे ७,०००, मिळून ३१,५००. २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कायद्यात राजीनामा दिला म्हणून यात कपात होत नाही, जुने लोक अजून घाबरवतात त्यांचं ऐकू नका. पण तो जो बेकारीचा विमा भरावा लागतो ना, तो नोकरी गेली तर मिळतो, स्वतः सोडली तर नाही. बँकेकडून स्टाफ रेटने काही फायनान्स घेतलंय का? घेतलं असेल तर नोकरी सोडल्यावर त्याचं काय होतं ते करारात वाचा, कारण ग्रॅच्युइटी तिकडेच वळती होऊन हातात काहीच न येणं हे मी पाहिलेलं आहे.

बायकोशी बोलताना बँक, शरिया, प्रमोशन काही काढू नका. शनिवारचं बोला. शाखा बदलून मिळाली, महिन्यातले निदान दोन शनिवार घरी मिळाले तर चालेल का, एवढंच विचारा आणि मग ती काय म्हणते ते ऐका. तरीही परत जायचंच म्हणाली तर त्यामागे आणखी काहीतरी आहे, तिथल्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटं असणं असेल, मुलांच्या फिया असतील, आणि ते तुम्हाला तिच्याकडूनच कळेल, माझ्याकडून नाही.

राहिली आई. तिला नोकरी सोडतोय असं सांगायची वेळच अजून आलेली नाही. तिला सांगा की टेबल बदलतोय, आता मी लोकांना फायनान्स विकणार नाही, बँकेचे व्यवहार शरियाप्रमाणे झालेत का ते तपासायला शिकतोय. खरंच आहे ते, आणि तिला आवडेलही, मोहल्ल्यात सांगायलाही बरं. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या सुट्टीत खेडला याल तेव्हा समोर बसून सांगा. फोनवर नको, फोन स्पीकरवर असतो आणि मग तुमच्या नोकरीवर सगळ्या घराची मीटिंग बसते.